अँटिबायोटिक आलं की जिवाणू काय करतो?

सध्या एक मजकूर जिकडेतिकडे फिरतोय: "अँटिबायोटिक अंगावर आलं की जिवाणू आपली जनुकं बदलून घेतो, प्रथिनं बनवणं बंद करतो, आणि त्यातून वाचला तो कायमचा प्रतिरोधक." यात खरं-खोटं इतकं बेमालूम मिसळलंय की सुटं करून दाखवणं भाग आहे.

"जनुकं बदलून घेतो." नाही. टेट्रासायक्लिन बाहेर फेकणाऱ्या पंपाचं जनुक काही जिवाणूंकडे आधीपासूनच असतं. टेटआर नावाचं प्रथिन त्यावर ठाण मांडून बसलेलं असतं, इतकंच. औषधाचा रेणू टेटआरला चिकटला की त्याची डीएनएवरची पकड सुटते आणि पंप बनू लागतो. औषध ओसरलं की टेटआर पुन्हा जागेवर. जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नसतं.

"प्रथिनं बनवणं बंद करतो." एकूण उत्पादन कित्येकदा घटतं, हे खरं. पण एरिथ्रोमायसिनचं बघा; मला तर हे फार विलक्षण वाटतं. प्रथिनं बनवणारं पेशीतलं यंत्र म्हणजे रायबोसोम. तयार होणारी प्रथिनाची साखळी त्याच्यातल्या ज्या बोगद्यातून बाहेर पडते, तिथेच हे औषध बसतं. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या काही वाणांत एर्म-सी हे जनुक असतं. त्याच्या आरएनएच्या, म्हणजे रायबोसोम वाचतो त्या जनुकाच्या नकलेच्या, सुरुवातीला अवघ्या १९ अमिनो आम्लांच्या साखळीचा मजकूर असलेला एक तुकडा आहे. औषध बसलेला रायबोसोम तो वाचता वाचता मध्येच थबकतो. त्याच्या थबकण्यानेच पुढच्या आरएनएची घडी उलगडते आणि औषध न लागलेले रायबोसोम एर्म-सीचं प्रथिन बनवू लागतात. हे प्रथिन नव्या रायबोसोमांवर औषधाच्या जागी मिथिल गट हा छोटासा रासायनिक तुकडा चिकटवतं. मग औषधाला तिथे धरच सापडत नाही. म्हणजे काम अडलं, हाच बचावाचं प्रथिन बनवण्याचा इशारा!

"वाचला तो कायमचा प्रतिरोधक." १९४४ साली जिवाणूतज्ज्ञ जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनमधून तगलेले मोजके स्टॅफिलोकॉकस वाढवले. त्यांची प्रजा पेनिसिलिनने पहिल्यासारखीच मेली.

"जनुकं बदलून घेतो" यातली एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकने डीएनए तुटला की ई. कोलाय या जिवाणूमध्ये दुरुस्तीची यंत्रणा जागी होते. तिच्यातली काही प्रथिनं डीएनएची नक्कल चुका करत करतात, त्यामुळे उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, वाढतात. पण चूक कुठे व्हावी हे औषध ठरवत नाही. १९५२ साली जनुकशास्त्रज्ञ जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीच्या ठशाने वसाहती एका थाळीतून दुसरीत उमटवल्या, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे जिवाणू औषध कधीच न लागलेल्या मूळ थाळीतही सापडले.