आकडा सांगून सोड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या काकांच्या फाउंड्रीत कास्टिंगचा, म्हणजे लोखंड वितळवून ओतलेल्या नगाचा, रेट विचारायला जा, ते आधी ड्रॉइंग मागतील. ड्रॉइंग नसेल तर चहा मिळेल, रेट नाही. लोखंडाची ग्रेड कुठली, एफजी २०० की २६०? नग किती? आत पोकळी ठेवायला कोअर आहे काय? मशिनिंगला माल किती सोडायचा? साचा पाडायचा पॅटर्न तुमचा की आमचा? एवढं सगळं ऐकून घेतल्यावर काका कॅल्क्युलेटर पुढ्यात ओढतात, बराच वेळ बडवतात आणि म्हणतात, "उद्या कळवतो." उभा जन्म भट्टीपुढं गेलेला माणूस. उगाच आकडा तोंडातून काढत नाही.

हाच माणूस मला म्हणाला, "अरे, एक सॉफ्टवेअर करून सोड की. स्टॉक आणि बिल, बास. किती दिवस लागतील?"

"काका, त्यात नेमकं काय काय पाहिजे?"

"ते करता करता कळतंय की. तू आकडा सांग."

मी ड्रॉइंगची आठवण करून दिली. त्यावर काका हसले. "तुला काय लोखंड ओतायचंय? बसून टायपिंग तर करायचं."

या दुखण्यावर शहाण्या माणसांनी काम केलेलं नाही असं नाही. बॅरी बोएम या अमेरिकन संशोधकानं १९८१ सालीच मांडून ठेवलंय की अगदी सुरुवातीला, काय बनवायचं हेच धड ठरलेलं नसताना केलेला अंदाज चौपटीनं चुकू शकतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी. म्हणजे प्रामाणिक माणसानं एक आकडा न सांगता दोन सांगावेत. मी सांगितले, "दोन महिने ते आठ महिने." काकांनी डायरीत लिहिलं : दोन महिने. 'ते'च्या पुढचं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. माझा अनुभव असा की कुणाच्याच पोचत नाही.

मग काम सुरू झालं आणि स्टॉक नावाचं प्रकरण उलगडायला लागलं. किराणा दुकानात स्टॉक म्हणजे आलं किती, गेलं किती. फाउंड्रीत गेलेलं परत येतं. स्क्रॅप आणि पिग आयर्न वितळवून साच्यात ओतायचं. ते थंड झालं की रनर-रायझर, म्हणजे ओतायच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड, तोडायचे आणि ते पुन्हा भट्टीत. रिजेक्शन झालेला नग पुन्हा भट्टीत. गिऱ्हाइकाकडं जाऊन, मशीनवर चढून, आत ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, निघाला म्हणून परत आलेला नगही भट्टीतच. म्हणजे बिल फाडून विकलेला माल एक दिवस कच्चा माल म्हणून दारात उभा! वर खरेदी किलोत, विक्री कधी किलोत, कधी नगात, आणि साचे भरणाऱ्या मोल्डरची मजुरी बॉक्सवर.

"काका, हे आधी सांगायचं न्हाई काय?"

"त्यात सांगायचं काय? लोखंडच हाय न्हवं ते?"

बिलाचं मात्र सोपं असेल अशी आशा होती. बेळगावात बसून सोपं काय असतंय? गिऱ्हाईक कर्नाटकातलं असेल तर त्याचा जीएसटी नंबर २९नं सुरू होतो आणि कर सीजीएसटी-एसजीएसटी असा केंद्र आणि राज्य दोन ठिकाणी फुटतो. चंदगड तालुक्यातलं शिनोळी इथून हाकेच्या अंतरावर, पण ते महाराष्ट्रात; तिथला नंबर २७चा, कर सगळा आयजीएसटी. इथवर ठीक. पण काका शिनोळीला माल विकत नाहीत, नुसता मशिनिंगला पाठवतात. विक्री नाही, तरी चलन पाहिजे. आणि असा जॉबवर्कचा माल राज्याची हद्द ओलांडत असेल तर वाहतुकीचं ई-वे बिल लागतंच, माल पन्नास हजारांच्या आतला असला तरी. दोन राज्यांचा वाद सुप्रीम कोर्टात पडून आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये त्याचा निकाल दर सकाळी टेम्पो सुटायच्या आत लागावा लागतो.

मधेच कळलं की भट्टीवरचा माणूस बैलहोंगलचा, त्याला स्क्रीन कन्नडमध्ये पाहिजे. दिवाणजींना मराठीत. "तेवढं बटण टाकून सोड," इति काका.

डायरीतले दोन महिने उलटल्यावर काकांनी तोडगा काढला. बीसीए करणाऱ्या पुतण्याला माझ्या शेजारी आणून बसवलं. "दोघं मिळून निम्म्या वेळात होतंय बघ." आयबीएमच्या एका प्रचंड प्रकल्पाचे चटके सोसलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो. कारण नव्या माणसाला शिकवायला जुनाच माणूस लागतो. पोरगं गुणी होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण रायझर परत भट्टीत का जातो हे मी त्याला शिकवत बसायचो आणि काका लांबून समाधानानं बघायचे, की बघा, आता कसं दोघं लागलेत कामाला.

अखेर ते चालू झालं, 'ते'च्या पलीकडच्या आकड्याजवळ कुठंतरी. काका खूश. इतके खूश की परवा निपाणीहून आलेल्या व्याह्यांना घेऊन माझ्याकडं आले. व्याह्यांची तंबाखूची वखार.

"यांना बी आपल्यासारखंच करून दे. नवीन कायच न्हाई, लोखंडाच्या जागी तंबाखू लिहायची."

व्याही सज्जन दिसले. जाता जाता म्हणाले, "फक्त एक हाय. पावसाळ्यात ओल धरून तिचं वजन वाढतंय, उन्हाळ्यात घटतंय. तेवढं ते आपलं आपण करून घेईल न्हवं?"

"घेतंय की!" काका माझ्या वतीनं म्हणाले. "शनिवारपर्यंत देतोय बघा तो."