एका पायावरचं म्हातारपण

ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1702 जणांना एका पायावर दहा सेकंद उभं करून पाहिलं. ज्यांना ते जमलं नाही, त्यांच्यातले पुढच्या काही वर्षांत तुलनेनं जास्त दगावले. तोल गेला म्हणूनच माणसं गेली, असं कुणी म्हटलेलं नाही. पण 2022 साली छापलेला हा अभ्यास मालवणच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला तोवर त्याचं 'पाय टेकला की मेला' झालं होतं.

मी 67 वर्षांचा. एसटीत अर्धं तिकीट मिळतं. (2023 पासून बायकोलाही मिळतं, तेही वय न विचारता, त्यामुळे घरात माझ्या वयाचा काही रुबाब उरलेला नाही.)

तरी आत्मविश्वास दांडगा. चपला काढल्या, खळ्यात उभा राहिलो. नियम असा की दुसऱ्या पायाचं पाऊल उभ्या पायाच्या पोटरीला मागून लावायचं, हात बाजूला, नजर समोर. समोर शेजारी होते.

"अण्णानू, पायात काटो गेलो काय?"

पाय टेकला.

मग हिला मोजायला बसवलं. "एक... अहो, मोटर बंद केलीत? दोन... पाण्याची टाकी भरून वाहत असेल... किती झाले?" अशा मोजणीत जगातला कुठलाही माणूस मेलाच असता.

मुंबईहून मुलाचा फोन. "बाबा, भिंतीला धरून करा." धरून उभं राहायचं तर खुर्चीत बसलेलं काय वाईट? यंदा गणपतीला येताना तो काठी आणणार आहे, टॉर्चवाली. खरी गरज मात्र घाटीला, म्हणजे आमच्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या उतरणीवर आहे. जांभा दगड सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो, त्यावर श्रावणात शेवाळ. तिथं प्रत्येक पायरीवर माणूस क्षणभर एका पायावरच असतो. मी बगळ्यासारखा दबकत उतरतो, आणि ही कमरेवर कळशी घेऊन मला ओलांडून जाते, वर "सांभाळून" म्हणते.

त्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना हे जमलं नव्हतं. मी शेजाऱ्यांना हे सांगितलं. ते 78 वर्षांचे. त्यांनी लगेच पाय उचलला आणि बांधाच्या भांडणाची हकीकत सुरू केली. दहा सेकंदांत वादी-प्रतिवादीसुद्धा सांगून झाले नव्हते. तलाठी आला, मोजणी झाली, तारीख पडली, पाय वरच. हिनं चहा आणला. त्यांनी तसाच एका पायावर घेतला, घोट मारला आणि म्हणाले, "वयनी, साखर जरा कमी पडली."