पोटात भूक असली की जिद्द येते म्हणणाऱ्यांना

गेला आठवडाभर आमच्या रत्नागिरीकडच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. शाळा सुटल्यावरच्या वर्गात गरीब मुलांना गरम जेवण देणं बंद करा, त्याने मुलं लाचार होतात, आईबाप आळशी होतात, शाळेत दुपारी मिळतंच, द्यायचंच तर कोरडं धान्य द्या, आणि मुख्य म्हणजे भुकेतूनच जिद्द तयार होते, असं सगळं त्यात आहे. एरवी असले फॉरवर्ड मी उघडतसुद्धा नाही. पण हा पोचला माझ्या मामांकडे, जे जेटीजवळच्या आमच्या वाडीतल्या वर्गाला दर महिन्याला तांदूळ देतात, आणि त्यांनी मला फोन करून विचारलं, "बाय गो, आपण पोरांचं वाटोळं तर नाय ना करत?" चांगल्या माणसाच्या मनात असा किंतू घातलात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी ते जिद्दीचं. "थोर माणसं उपाशीपोटी दिव्याखाली शिकली" असं लिहिलंय. महाराष्ट्रात बहुजनांची पोरं शिकली कशी ते तरी बघायचं होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली ती का, तर खेड्यातल्या पोराची राहायची-जेवायची सोय नसेल तर तो शिकणार नाही हे त्यांना कळत होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची, आणि पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचं मंगळसूत्र मोडलं. उपाशी राहा म्हणजे जिद्द येईल, असं त्या माउलीने पोरांना सांगितलं नाही.

आणि आमच्या वर्गात काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. सुरुवातीला अभ्यास आधी आणि जेवण शेवटी असायचं. पाढे म्हणताना अर्ध्या पोरांची नजर टोपावर, एक मुलगी तर भिंतीला टेकून डोळे मिटायची, आम्हाला वाटायचं कंटाळते. मग वर्ग घेणाऱ्या ताईंनी क्रम उलटा केला, आल्या आल्या ताटात कुळथाची पिठी आणि भात, कधी उसळ-भात, आणि हात धुऊन झाले की पुस्तक. तीच मुलगी आता वाचताना दुसऱ्याला ढकलून पुढे बसते.

"मुलं शिकायला नाही, खायला येतात." हो, येतात. हे मात्र खरं आहे, पहिले काही दिवस बरीच पोरं जेवणासाठीच येतात. पण येतात ना? आली की बसतात, बसली की वाचतात, न आलेल्या मुलाला कोण शिकवणार आहे?

आईबाप आळशी होतात म्हणणाऱ्याने आमच्या वाडीतली एक तरी बाई दिवसभर घरात बसलेली दाखवावी. कोण काजू फॅक्टरीत, कोण कोळंबी सोलायला, कोण आंब्याच्या सीझनला पेट्या भरायला, परत येईपर्यंत दिवेलागण होते, आणि पोर शाळेतून पाचला घरी, चूल थंड. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर काढलेल्या आणि रोजी बुडालेली, तेव्हाच वर्गाला सगळ्यात जास्त गर्दी होते. ह्यात आळस कुठे आहे?

लाचार पिढीचं म्हणाल तर २०२१ साली नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला अभ्यास आहे, आपल्याच देशातल्या शाळेच्या जेवणावरचा. तो दुपारच्या जेवणाचा आहे, संध्याकाळच्या नाही, पण ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळालं त्या पुढे जास्त शिकल्या, त्यांना मुलं उशिरा झाली आणि त्यांची मुलं वयाच्या मानाने उंचीला जास्त भरली, असं त्यात आढळलं. एका पिढीच्या ताटातलं पुढच्या पिढीच्या अंगी लागतंय आणि तुम्ही त्याला लाचारी म्हणता!

"शाळेत दुपारी मिळतंच." सरकारच्या शाळेतल्या जेवणाच्या योजनेत पाचवीपर्यंत नियमाने ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तांदूळ १०० ग्रॅम. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० लागतात. बाकीच्या कुठून आणायच्या? आणि आठवीनंतर तेही बंद, नववी-दहावीची पोरं तर त्या योजनेत नाहीतच.

स्वच्छतेबद्दल मेसेजमध्ये बिहारचा दाखला आहे, तो खोटा नाही. २०१३ मध्ये सारण जिल्ह्यातल्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलातलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. म्हणून तेल-धान्य कुलपात ठेवायचं, फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यात काही भरायचं नाही, वाढायच्या आधी मोठ्या माणसाने चव घ्यायची, आमच्याकडे ताई रोज घेतात. जेवणच बंद करा हा उपाय कुठला?

राहिलं कोरडं धान्य. हे करून झालंय. १९९५ ला शाळेतल्या जेवणाची ही योजना आली तेव्हा बहुतेक राज्यांत महिन्याला ३ किलो धान्यच घरी द्यायचे, ते घरात सगळ्यांत वाटलं जायचं, पोराच्या ताटात किती आलं कोण बघणार. शेवटी २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाला आदेश काढावा लागला की शिजवलेलंच जेवण द्या. शिवाय आमच्या पोरांच्या घरी संध्याकाळी ते तांदूळ शिजवायला माणूसच नसतं, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेलं नाही.