द्राक्षबियांच्या तेलावर भरवसा ठेवून बीपीची गोळी सोडू नका

“रोज उपाशीपोटी एक चमचा द्राक्षबियांचं तेल घ्या. महिनाभरात बीपी नॉर्मल, हृदयातले ब्लॉकेज विरघळतात, शुगर उतरते, सुरकुत्या जातात, पांढरे केस काळे होतात. गोळ्यांची गरजच नाही.” हा मेसेज सध्या नागपुरात घरोघरी फिरतोय. प्रतापनगरच्या माझ्या मावशीने तो वाचून बीपीची गोळी बंद केली. विचारलं तर म्हणाली, “अरे, सगळेच पाठवून राहिले, खोटं कसं असन?”

मावशी, खोटंच आहे.

आधी त्या गोळीचं बोलू. बीपीच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर बीपी उसळी मारतं, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी ठीक आहे असंही नसतं. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडायला सांगणं हा जिवाशी खेळ आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने हे आधी लक्षात घ्यावं.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. द्राक्षबियांच्या अर्कावर चाचण्या झाल्यात आणि काहींत बीपी थोडं उतरलेलं दिसलं. पण अर्क वेगळा, तेल वेगळं. ज्या पॉलिफेनॉल्समुळे (वनस्पतींतल्या एका प्रकारच्या घटकांमुळे) त्या अर्काचं नाव झालं, ती तेलात जवळजवळ विरघळतच नाहीत. बी पिळली की ती चोथ्यात राहतात. अर्काचं श्रेय तेलाच्या बाटलीला देऊन हा मेसेज लोकांना फसवतो.

मग तेलात असतं काय? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यानुसार १०० ग्रॅममध्ये सुमारे ७० ग्रॅम बहुअसंतृप्त स्निग्धाम्लं (तेल ज्या घटकांचं बनतं त्यांचा एक प्रकार) असतात, आणि ती जवळपास सगळी ओमेगा-६ या गटातली. आपल्या विदर्भातल्या जुन्या करडईच्या तेलाची ठेवणही साधारण अशीच. ई जीवनसत्त्व सुमारे २९ मिलिग्रॅम, तर सूर्यफुलाच्या तेलात ४१. ओमेगा-३ हा दुसरा गट नावालाच. ते हवं असेल तर जवसाची चटणी खा, इतवारी बाजारात जवस सहज मिळतो.

ब्लॉकेज विरघळण्याची गोष्ट तर धादांत चूक. खाल्लेलं तेल आतड्यात पचतं, त्याची स्निग्धाम्लं होतात. ते तेल म्हणून धमनीत पोहोचतच नाही, मग तिथला कोलेस्टेरॉल आणि कॅल्शियमचा थर धुणार कसं? शुगरचंही तेच: त्या भरवशावर औषध सोडू नका.

चेहऱ्याला लावायला हे तेल बरं आहे. हलकं असतं, चिकट वाटत नाही, कोरडी त्वचा मऊ करतं. कुणाकुणाच्या त्वचेला ते चालत नाही, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. सुरकुत्या मात्र पुसल्या जात नाहीत आणि पांढरा केस काळा होत नाही.

आणलंच असेल तर बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. असं तेल उष्णतेने आणि उजेडाने लवकर खवट होतं, आणि आपला मे महिना ४५ अंशांचा. खवट वास आला तर फेकून द्या.