हॉस्पिसची पोस्टिंग वाया जात नाही

हॉस्पिस म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्या पेशंटची शेवटच्या टप्प्यात काळजी घेणारी जागा. तिथल्या पोस्टिंगबद्दल, म्हणजे शिकण्यासाठीच्या ड्यूटीबद्दल, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘हॉस्पिसची पोस्टिंग बंद करा. तिथे उपचार थांबलेले असतात, शिकायला काही नसतं. मॉर्फिन देऊन मरण जवळ आणतात. आणि मृत्यू पाहून कोवळी मुलं खचतात.’

उपचार थांबलेले असतात? थांबतो तो आजार बरा करण्याचा खटाटोप. वेदना, धाप, मळमळ, तोंडाची कोरड, बेडसोअर यांवरचं काम रात्रंदिवस चालू असतं, आणि त्यातलं बरंचसं नर्सच्या हातचं. बोलता न येणाऱ्या पेशंटचं दुखणं कपाळावरच्या आठीवरून, कूस बदलताना आखडणाऱ्या अंगावरून ओळखायचं असतं. ही नजर पेशंटच्या उशाशीच तयार होते. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स डॉक्टर होण्याआधी नर्सच होत्या.

मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकावरचा आरोप सर्वांत घातक, कारण त्या भीतीपायी ते दिलं जात नाही आणि पेशंट तळमळत राहतात. डोस कमीत कमी ठेवून सुरू करतात आणि दुखणं पाहून वाढवतात. तोंडावाटे दिलेल्या साध्या मॉर्फिनचा परिणाम साधारण ४ तास टिकतो, म्हणून ते घड्याळ पाहून द्यायचं, ‘फारच दुखलं तर’ म्हणून नव्हे. मध्येच कळ उसळली तर जादा डोस, बद्धकोष्ठतेसाठी पहिल्या दिवसापासून रेचक, आणि गुंगी व श्वासावर लक्ष. असं मोजूनमापून दिलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही. गैरसमज होतो, कारण अनेकदा ते अगदी शेवटी सुरू होतं आणि घरच्यांच्या मनात शेवटचा डोस आणि शेवटचा श्वास यांची गाठ बसते. फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत लवकर पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारी देखभाल) मिळालेल्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ११.६ महिने होतं, इतरांचं ८.९. हा अभ्यास मॉर्फिनचा नव्हता. पण ‘पॅलिएटिव्ह म्हणजे लवकर मरण’ या समजाच्या तो नेमका उलट जातो.

मुलं खचतात, हे मात्र मी नाकारणार नाही. पण मृत्यू हॉस्पिसपुरता नसतो; पहिल्याच नाइट ड्यूटीला कुठल्याही वॉर्डात तो समोर येतो, आणि तेव्हा शेजारी कुणी नसतं. ‘सिस्टर, मी मरणार का?’ असं विचारल्यावर विषय बदलून पळ काढायचा, की खुर्ची ओढून ‘आज हे मनात का आलं?’ असं विचारायचं, हे आधी शिकवायला हवं. मृत्यूनंतर विद्यार्थ्यांना घेऊन बसणारी अनुभवी सिस्टर पोस्टिंगवर नसेल, तर तक्रार जरूर करा. पोस्टिंग रद्द करा म्हणून नको, ती सिस्टर द्या म्हणून.