डिझेल इंजिनात अर्धा कप ऑइल ओतू नका

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की सांगली-कराड पट्ट्यात जुन्या ट्रकांच्या इंजिनांचा विषय निघतोच. सध्या वाहतूकदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, 'ट्रकचं कम्प्रेशन गेलंय का, स्वतःच ओळखा.' कम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरातली हवा दाबतो तो दाब. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : ऑइल टाकायचं झाकण काढा, धूर मारला तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या. चालू इंजिनवर एकेका नोझलचा (सिलिंडरात डिझेल फवारणारा भाग) पाइप ढिला करा, ज्यानं फरक पडत नाही त्या सिलिंडरचं कम्प्रेशन गेलं. खात्री करायला त्यात अर्धा कप ऑइल ओतून गेज (दाब मोजायचं मीटर) लावा, काटा चढला तर रिंग-लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), नाही चढला तर व्हॉल्व्ह. आणि आकडा २५ बारच्या खाली आला तर सरळ हाफ इंजिन (लायनर-पिस्टन-रिंगा बदलणं) करून घ्या.

मी मिरज-कुपवाड भागात बावीस वर्षं याच गाड्यांखाली काम करतोय. हा मेसेज वाचून गाडी उघडलेली माणसं माझ्याकडं यायला लागलीत, म्हणून हे लिहितोय.

ऑइलचं आधी सांगतो, कारण बाकीच्या गोष्टींनी पैसे वाया जातात, यानं इंजिन मोडतं. ऑइल ओतून बघायची पद्धत पेट्रोल इंजिनाची आहे. आपल्याकडं सर्रास दिसणारं टाटाचं ६९७ इंजिन घ्या. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर, हे तर नावातच आलं. स्ट्रोक १२८. म्हणजे एका सिलिंडरचे झाले ९४६ सीसी. कम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १७ धरला तर पिस्टन पार वर आल्यावर उरते फक्त ५९ सीसी जागा. चहाच्या कपानं अर्धा कप ऑइल म्हणजे जवळपास तेवढंच भरतं. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

बरं, कुणी जपून २० सीसीच ओतलं असं समजू. उरली ३९ सीसी. रेशो १७ वरून २५ वर गेला. मग काटा चढणारच, गळती कुठलीही असो! त्यातही डायरेक्ट इंजेक्शनच्या पिस्टनला डोक्यावर वाटी असते. ओतलेलं ऑइल तिथंच साचतं, कडेच्या रिंगांपर्यंत थोडंच पोचतं. म्हणजे ही परीक्षा बहुतेक वेळा 'रिंगा गेल्या' असंच उत्तर देणार आणि व्हॉल्व्ह गळणारा माणूस लायनर-पिस्टनचा खर्च करून बसणार.

गेल्या हंगामात वाळव्याकडची एक टाटा १६१३ ट्रक टोचन करून आली. पुलिंग कमी, सकाळी चालू होताना पांढरा धूर, पाचवा सिलिंडर काम करत नव्हता. मालकानं मेसेजबरहुकूम पाचव्यात ऑइल ओतलं, गेज लावला आणि सेल्फ मारला. बाकीच्या पाच नोझल जागेवर, स्टॉप (डिझेल बंद करायची दोरी) ओढलेला नाही. इंजिन पाचावर उचललं आणि पहिल्याच फेऱ्यात ठक्क करून बसलं. हेड उतरवलं तेव्हा पाच पिस्टन वर आल्यावर एका पातळीत येत होते, पाचवा मात्र खाली राहत होता. स्टीलची पट्टी आडवी ठेवली की खालून उजेड दिसायचा, नख फिरवलं तर पायरी लागायची. रॉड वाकला होता. आता त्या सिलिंडरचं कम्प्रेशन खरोखरच गेलं होतं.

झाकणातल्या धुराचं म्हणाल तर इंजिन बॅक मारतंय (आतून हवा उलटी येतेय) हे त्यातून कळतं, कुठून मारतंय ते कळत नाही. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच ऑइलवर चालतो. त्याच्या रिंगा झिजल्या की त्याची हवा इंजिनात उतरते आणि त्याच झाकणातून बाहेर पडते. हवेची टाकी भरू द्या, अनलोडर (टाकी भरल्यावर हवा भरणं थांबवणारा व्हॉल्व्ह) सुटला की झाकणाशी हात धरा. मारा कमी झाला तर आधी कॉम्प्रेसर बघा. ब्रीदरचा (इंजिनातली हवा बाहेर सोडणारा) पाइप चिखलानं बुजला असेल तरी असंच होतं. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचे सीलही बघावे लागतात. उलट, व्हॉल्व्ह गळत असेल तर झाकणातून काहीच येणार नाही आणि मेसेज वाचणारा समजणार, इंजिन ठणठणीत आहे.

पाइप ढिला करून बघायची पद्धत चांगली आहे, मीही रोज वापरतो. पण त्यातून एवढंच समजतं की तो सिलिंडर काम करत नाही. नोझल अडकलेली असेल, डिझेल पंपाचा एलिमेंट (डिझेल ढकलणारा दांडा) किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह गेलेला असेल. शेजारच्या सिलिंडरची नोझल तिथं बसवा. दोष नोझलबरोबर सरकला तर कम्प्रेशनचा विषयच मिटला. नट अर्धा फेराच ढिला करायचा, वरून फडकं टाकायचं, आणि उडणाऱ्या डिझेलसमोर बोट कधीच धरायचं नाही. ते कातडीतून आत शिरतं, हात जाऊ शकतो.

राहिला २५ बारचा आकडा. तो सगळ्या इंजिनांना एकच नसतो, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. मोटारसायकलचा गेज डिझेलला चालत नाही. इंजिन गरम पाहिजे, एअर फिल्टर साफ पाहिजे, डिझेल बंद, सगळ्या नोझल काढलेल्या आणि दोन्ही बॅटऱ्या फुल चार्ज. सेल्फ हळू फिरला तर चांगल्या इंजिनाचाही आकडा पडतो. सहाचे सहा सारखेच कमी आले तर आधी बॅटरी आणि सेल्फ तपासा. शेजारशेजारचे दोनच कमी असतील तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. एकच खूप कमी असेल तर गळती शोधा.

ती शोधायला हवा सोडायची. त्या सिलिंडरचा पिस्टन कम्प्रेशन स्ट्रोकला पार वर आणा, नोझलच्या भोकातून गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा द्या आणि कान लावा. मॅनिफोल्डमध्ये सूं-सूं आलं तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आलं तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणात जोरात आलं तर रिंगा (थोडी हवा चांगल्या रिंगांतूनही जाते), रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर. पण ६ बार हवा ९७ च्या पिस्टनवर साडेचारशे किलोच्या आसपास जोर लावते. म्हणून फ्लायव्हील अडकवल्याशिवाय, चाकांना ओट (अडसर) लावल्याशिवाय आणि फिरवायचा पाना काढल्याशिवाय हवा सोडू नका.

आणि रिंगाच गेल्या असं ठरलं तरी त्या का गेल्या ते बघा. फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी होज हातानं दाबून तपासा. त्याला चीर असेल तर फडातल्या रस्त्याची सगळी धूळ आत जाते आणि नवे लायनरही लवकरच खाऊन टाकते.

या सगळ्याच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग. तिथं क्लिअरन्स (थोडी फट) नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कम्प्रेशन जातं. त्या १६१३ चं हेड उतरवण्याआधी मी सगळे टॅपेट मोजले होते. पाचव्याच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ फिलरसुद्धा (फट मोजायची पट्टी) शिरला नाही. मालकाला बोलावून दाखवलं. फिलर स्वतःच्या हातात घेऊन त्यानं दोनदा लावून बघितला आणि म्हणाला, "मिस्त्री, म्हंजे एवढंच हुतं व्हय?" मी हो म्हटलं. बाकी सगळे आपापल्या खेपा टाकत होते, आणि रॉड, गॅस्केट, मजुरी धरून त्याची गाडी बारा दिवस माझ्या दारात उभी राहिली.