किमो चालू आहे म्हणून खाट धरून बसायचं नसतं

कॅन्सरसाठी किमो, म्हणजे केमोथेरपी, चालू असलेल्यांबद्दल नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला कायम फिरत असतो: ‘किमो चालू असेपर्यंत रुग्णाने पूर्ण विश्रांती घ्यावी. शक्ती आजाराशी लढायला लागते, ती कामात घालवू नये. स्वयंपाकघरात जाऊ नये, घराबाहेर पडू नये, मुलांना जवळ घेऊ नये.’ पाठवणाऱ्याची माया खरी असते. पण यातलं बरंचसं चूक आहे, आणि जे बरोबर आहे ते ठरावीक दिवसांपुरतं किंवा ठरावीक औषधापुरतं.

‘शक्ती साठवून ठेवा’

शक्ती पडून राहिल्याने साठत नाही. काही दिवसांतच मांड्यांचे स्नायू उतरायला लागतात, मग जिना चढताना धाप लागते आणि धाप लागते म्हणून माणूस आणखी झोपून राहतो. कॅन्सरमधला थकवा झोप काढून जात नाही. हालचालीने मात्र तो बऱ्याच जणांचा कमी होतो. शिवाय कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त असतो, आणि हालचाल बंद झाली की तो वाढतो. बरं करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असलेल्यांना डॉक्टरांनी व्यायाम सुचवावा, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

सुरुवात सपाट रस्त्यावर १० मिनिटं चालण्याने करा. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. जमेल तसं वाढवत ३० मिनिटांवर, आठवड्यातून तीनदा, असं यायचं. जोडीला आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, ८ ते १० वेळा.

‘कामं बंद करा’

हा मुद्दा सगळ्यांत जास्त नुकसान करतो. तो लोकांना का पटतो, हेही समजून घ्यायला हवं. किमोबरोबर बऱ्याचदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड दिलेलं असतं. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस झोप उडते, अंगात जोर वाटतो. त्या भरात कपाटं आवरली जातात, साठलेली कामं उरकली जातात. स्टेरॉइड थांबलं की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अंग गळून जातं आणि घरचे म्हणतात, ‘बघ, काम केलंस म्हणून झालं.’ ती मरगळ काम न करताही आलीच असती.

म्हणून दिवस बघून काम ठरवा. २१ दिवसांच्या सायकलमध्ये, म्हणजे एका किमोपासून पुढच्या किमोपर्यंत, साधारण असा क्रम असतो: पहिल्या दोन दिवसांत जोर वाटला तरी निम्मंच काम, तिसरा ते पाचवा दिवस फक्त अंघोळ, जेवण आणि घरातल्या घरात फेऱ्या, सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी, तेव्हा घरून होणारी कामं, तिसरा आठवडा बँक, ऑफिस, शाळेतली पालकसभा यांच्यासाठी. दर आठवड्याला मिळणाऱ्या किमोत हा क्रम लागू होत नाही. त्यामुळे पहिल्या सायकलपासूनच सकाळ-संध्याकाळ थकव्याला दहापैकी आकडा देऊन वहीत लिहा. दुसऱ्या सायकलचं वेळापत्रक त्यावरून मांडता येतं. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, नाहीतर रात्र जागरणात जाते. किमोच्या सलाइनआधी ॲलर्जी होऊ नये म्हणून ॲव्हिलसारखं इंजेक्शन दिलं असेल तर गुंगी येते, त्या दिवशी गाडी चालवू नका.

‘स्वयंपाकघरात जाऊ नये’

जावं, पण औषध कोणतं ते पाहून. ऑक्झालिप्लॅटिननंतर काही दिवस गार वस्तू हाताला लागली की झिणझिण्या येतात, गार पाण्याने घसा आवळतो. फ्रीज दुसऱ्याने उघडावा. कॅपेसिटाबिनमध्ये तळहात लाल होऊन सोलवटतात, तेव्हा गरम पाण्यात भांडी घासणं, कपडे घासून धुणं, पिळणं टाळा. पॅक्लिटॅक्सेल किंवा व्हिन्क्रिस्टिनने बोटं बधिर होतात, चटका उशिरा कळतो, सुरी निसटते. पाय बधिर असतील तर सैल चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घाला. दंडात पिक लाइन (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर त्या हाताने पाण्याची बादली उचलू नका आणि लाइन ओली होऊ देऊ नका.

एवढं सांभाळून स्टुलावर बसून भाजी निवडणं, कणीक मळणं, पोळ्या लाटणं खुशाल करा. वासाने मळमळत असेल तर फोडणी दुसऱ्याला घालू द्या.

‘घराबाहेर पडू नये’

सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर काहीच अडचण नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या आठवड्यात गर्दीच्या वेळची लोकल, गणपतीचा मंडप, लग्नाचा हॉल टाळा. बांधकामाची धूळ आणि कुंडीतली माती उकरणं मात्र गर्दीइतकंच टाळण्यासारखं आहे: त्यातल्या बुरशीचे कण फुफ्फुसात जातात.

‘मुलांना जवळ घेऊ नये’

किमोबरोबर रेडिएशन चालू असलं, तरी बाहेरून मशीनने दिलेलं रेडिएशन अंगात उरत नाही. नातवाला मांडीवर घ्या. थायरॉइडसाठी रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन दिलं असेल तर मात्र सांगितलेले दिवस अंतर ठेवावंच लागतं. किमोचा अंश साधारण ४८ तास, काही औषधांत त्याहून जास्त, लघवी, शौच आणि उलटीत असतो: झाकण लावून दोनदा फ्लश, साफ करणाऱ्याने हातमोजे घालायचे. मिठी मारायला हरकत नाही. ताप, सर्दी किंवा कांजिण्या असलेलं मूल तेवढं दूर ठेवा.

याच्या उलटा सल्लाही फिरतो: सतत कामात राहा, म्हणजे विचार येणार नाहीत. तोही मानू नका. प्लेटलेट २०,००० च्या खाली असतील, हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल किंवा आजार मणक्यात, हाडांत गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर लागेल असं काही करू नका, वजन उचलू नका. छातीत दुखणं, चक्कर, एकाच पायाला सूज आली तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

थर्मामीटर घरात आणि पिशवीत, दोन्हीकडे ठेवा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, झालं की रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा. त्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नका: पांढऱ्या पेशी कमी असताना पू, लाली, सूज फारशी दिसत नाही, आणि जंतुसंसर्गाची बऱ्याचदा एकमेव खूण असलेला ताप गोळीने झाकला जातो.